दहा शेअर घेतले, पण गट किती?

लातूरच्या आडत लाइनीत आता सोयाबीनइतकीच शेअरच्या भावाची चर्चा चालते. तिथे हमखास ऐकू येतं, "आपलं काही एका जागी नाही, दहा कंपन्यांत पैसा वाटून टाकलाय." यादी बघावी तर त्यात पाच बँका आणि दोन फायनान्स कंपन्या. व्याजदराची एक बातमी आली की सातही एकदमच गडगडतात.

नावाला वेगळे शेअर कोणते आणि खरोखर वेगळे कोणते, हे आकड्यांवरून ताडण्याची पद्धत म्हणजे क्लस्टरिंग. कोणती कंपनी काय बनवते हे संगणकाला सांगायचंच नाही. जवळचे शेअर त्याने एका गटात टाकायचे.

पण 'जवळ' कशाला म्हणायचं? खरी गंमत इथेच आहे. नुसता भाव पाहिला तर एमआरएफ एकटाच पडेल, २०२३मध्ये त्याच्या एका शेअरने लाखाचा टप्पा ओलांडला. म्हणून रोजचा टक्केवारीतला चढउतार घ्यायचा. दोन शेअरांचे चढउतार किती जोडीने होतात ते सहसंबंध गुणांक सांगतो: १ म्हणजे पक्की जोडी, ० म्हणजे थेट मेळ नाही, उणे १ म्हणजे बरोबर उलट. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ रोझारियो मांतेन्या यांनी १९९९मध्ये यावरून शेअरांमधलं अंतर काढलं. १मधून गुणांक वजा करा, दुप्पट करा, वर्गमूळ काढा. गुणांक ०.८२ असेल तर अंतर ०.६, ०.५ला १, पूर्ण उलट असेल तर २. हा शाळेतला पायथागोरसच! वर्षातले व्यवहाराचे दिवस साधारण २५०, म्हणजे दिवसाला एक मिती धरून २५० मितींची जागा. प्रत्येक शेअरच्या चढउतारांतून सरासरी काढून टाकून त्यांचा १ लांबीचा बाण केला, की दोन टोकांमधलं अंतर नेमकं एवढंच भरतं. मग सर्वांत जवळची जोडी आधी बांधायची, मग त्यापुढची जवळची जोडायची, असा वंशवृक्ष तयार होतो; त्याच्या फांद्या म्हणजेच गट.

यातून उद्याचा भाव मात्र कळत नाही. 'एआयने निवडलेले शेअर' विकणारे टेलिग्राम ग्रुप आणि शनी वक्री झाल्याने बाजार पडला म्हणणारे ज्योतिषी, दोघांनाही एकाच रांगेत बसवावं.

शिवाय गट कायमचे नसतात. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळला, तेव्हा औषधं, बँका, गाड्या सगळे एकत्रच पडले. म्हणून हिशोब दर काही महिन्यांनी नव्याने मांडावा. दहा शेअरांच्या जोड्या ४५च होतात, एक्सेलमध्ये तासाभराचं काम.