१२० दिवसांनी अडणारा सर्व्हर: रिमोट डेस्कटॉप परवान्यांची पार्श्वभूमी

मकरसंक्रांतीला रत्नागिरीतल्या एखाद्या कॅनिंग कारखान्यात रिमोट डेस्कटॉप सर्व्हर (दूरच्या संगणकांवरून अनेकांना ज्यावर काम करता येते तो) सुरू झाला, तर परवान्यांविना चालण्याची त्याची १२० दिवसांची सवलत १४ मेच्या सुमारास संपते. ऐन आंब्याच्या धांदलीत राजापूर, देवगडच्या खरेदी केंद्रांवर टॅली उघडेनाशी होते. सर्व्हर धडधाकट असतो. परवाने वाटणारा परवाना सर्व्हर जोडायचा राहिलेला असतो, आणि चार महिने काहीच अडलेले नसल्याने ते कोणाच्या ध्यानीमनी नसते.

एका विंडोज सर्व्हरवर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय मूळची सिट्रिक्स या कंपनीची. त्यांचे विनफ्रेम १९९५ मध्ये आले. ते तंत्र मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये घेतले आणि १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. विंडोज २००० मध्ये परवाने वाटणारी वेगळी सेवा आली. तेव्हा परवाना यंत्रामागे असे, आणि त्या यंत्रावर विंडोज २००० असेल तर तो फुकटच मिळे. २००३ च्या सर्व्हरने ही फुकट सोय काढली आणि माणसामागे परवाना आणला.

आजचा बराच घोळ इथला आहे. माणसामागचे परवाने सर्व्हर मोजून अडवत नसे. दहा घेऊन पंधरा जण बसले तरी काम चाले. पुढे २०१९ च्या सर्व्हरने एक ठिकाण पक्के केले: डोमेन (सगळ्यांची खाती एका ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) नसताना माणसामागचा परवाना लावला की ६० मिनिटांत सेशन, म्हणजे चालू जोडणी, तुटते. कोकणातल्या लहान पेढ्यांत डोमेन क्वचितच असते, म्हणून तिथे यंत्रामागचेच परवाने घ्यावेत. दोन पाळ्यांत एकाच संगणकावर बसणाऱ्यांना ते स्वस्तही पडतात.

दुसरी खोच २०१२ ची. सेशन होस्टचे (लोक ज्यावर काम करतात त्या सर्व्हरचे) जुने कॉन्फिगरेशन टूल त्या आवृत्तीत गेले. त्यामुळे परवाने टाकलेले, परवाना सर्व्हर अॅक्टिव्हेट केलेला, तरी सेशन होस्टला पत्ताच नाही, असे होते. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवण्याच्या जागी) रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखालच्या लायसन्सिंगमध्ये दोन नोंदी लागतात: परवाना सर्व्हरचे नाव आणि प्रकार. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) हा प्रकार आकड्याने असतो: यंत्रामागच्या परवान्याला २, माणसामागच्याला ४. मग परवान्यांची अडचण दाखवणारे आरडी लायसन्सिंग डायग्नोझर हे टूल उघडून पाहावे. आवृत्तीही जुळायला हवी: २०१९ चे परवाने २०२२ च्या सर्व्हरला चालत नाहीत, उलट चालतात. दार बंद झाले असेल तर एमएसटीएससी या रिमोट डेस्कटॉप जोडणाऱ्या प्रोग्रामला अॅडमिन स्विच लावून आत शिरता येते.

रजिस्ट्रीतली ग्रेस पीरियडची (१२० दिवसांच्या सवलतीची) की उडवून सवलत पुन्हा मिळवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो कराराचा भंग आहे.

यंत्रामागच्या परवान्याला स्वतःचे वेळापत्रक आहे. नव्या यंत्राला आधी ९० दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो, परवाना शिल्लक असेल तर पुढच्या लॉगिनला कायमचा. हा ‘कायमचा’ही ५२ ते ८९ दिवसांनी संपतो आणि नूतनीकरण होते. चिपळूणच्या २०२१ च्या पुरासारख्या प्रसंगी संगणक बदलावे लागले, तर चिखलात गेलेल्या यंत्रांचे परवाने तेवढे दिवस अडकून राहतात. व्यवस्थापकाला ते हाताने परत घेता येतात, पण एका वेळी वीस टक्क्यांपर्यंतच.