थ्रॅश अल्बमचे सलग श्रवण

थ्रॅश मेटल या संगीतप्रकारातला एखादा जुना, मान्यता पावलेला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रम न मोडता ऐकणे म्हणजे सलग श्रवण. ठाणे आणि नवी मुंबईत हे ऐकणे बहुतेकदा एकट्याने, इअरफोन लावून आणि प्रवासात होते. थ्रॅश म्हणजे नुसता गोंगाट, असे बाहेरचे लोक म्हणतात. थ्रॅश म्हणजे नुसता वेग, असे अनेक चाहते म्हणतात. दुसरे मत पहिल्यापेक्षा प्रेमाचे असले तरी तेही अपुरेच आहे. वेगवान गाणी कोणताही बँड वाजवू शकतो. अल्बम टिकतो तो वादकाच्या उजव्या हाताच्या शिस्तीवर आणि लय कुठे मोडायची, कुठे पुन्हा धरायची या निर्णयांवर. सुटी गाणी ऐकणाऱ्याच्या हाती त्यातले निम्मेही लागत नाही.

पार्श्वभूमी

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हा प्रकार घडला. ब्रिटिश हेवी मेटलचे गिटारकाम आणि हार्डकोर पंकचा वेग व राग यांचा तो संकर होता. मेटॅलिका हा बँड 1981 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात गेला आणि 1983 मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. स्लेयर आणि मेगाडेथ लॉस एंजेलिसचे, अँथ्रॅक्स न्यूयॉर्कचा. या चौघांना मिळून ‘बिग फोर’ म्हणतात. जर्मनीत क्रिएटर, सोडम, डिस्ट्रक्शन आणि ब्राझीलमध्ये सेपल्टुरा यांनी आपापली धार दिली. 1986 हे वर्ष या प्रकाराचे सुगीचे. मार्चमध्ये मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आला, ऑक्टोबरमध्ये स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’, आणि त्याच वर्षी मेगाडेथचा ‘पीस सेल्स... बट हूज बायिंग?’ व क्रिएटरचा ‘प्लेझर टू किल’. या नोंदीत पहिल्या दोन अल्बमांच्या आधारे श्रवणाचा विचार केला आहे.

कान कुठे ठेवावा

नवा श्रोता आधी गायकाचा आवाज पकडू पाहतो आणि तिथेच अडकतो. थ्रॅशमध्ये कान आधी गिटारच्या उजव्या हाताकडे न्यावा. तळहाताची कड तारांवर घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, हलकेच टेकवून तार छेडली की सूर गुंजत राहत नाही. दबका, कोरडा ठोका मिळतो. याला पाम म्यूट म्हणतात. त्यात भर पडते ती डाउनपिकिंगची, म्हणजे नखी वर-खाली न हलवता प्रत्येक आघात वरून खालीच करण्याची. खाली-वर वाजवणे सोपे असते, पण त्यात एक ठोका जड आणि दुसरा हलका पडतो. सगळे आघात खालीच केले की प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा येतो. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे शीर्षकगीत मिनिटाला 200 हून अधिक ठोक्यांच्या गतीने चालते आणि मेटॅलिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड त्यातला रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, असाच वाजवतो. शिकाऊ गिटारवादकाचे मनगट त्यात दोन मिनिटांत भरून येते. तबल्याच्या रियाजाला बसलेल्या माणसाला या मेहनतीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

स्वरांच्या बाजूने पाहिले तर सर्वांत खालची तार बहुधा षड्जासारखी सतत घुमत असते आणि तिच्या लगतचा अर्धा स्वर, आपल्या भाषेत कोमल ऋषभ, वारंवार डोके वर काढतो. तीव्र मध्यमाचाही वापर भरपूर आहे. भैरव किंवा तोडी कानात असलेल्याला यातला ताण लगेच ओळखू येतो. मात्र इथे राग शोधत बसू नये. या स्वरांना आरोह-अवरोहाचे बंधन नाही, ते रिफच्या आकारासाठी येतात.

ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. ठाण्यात गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत आणि गणपतीत पथके वाजतात आणि त्याआधी कित्येक आठवडे त्यांचा सराव चालतो. ताशाची तर्री सुरू असताना ढोलाने ठोका निम्मा केला की गती तीच राहूनही अंगावर येणारे वजन दुप्पट होते. थ्रॅशमधला ड्रमर नेमके हेच करतो: गिटार त्याच वेगात धावत असते आणि स्नेअर, म्हणजे ड्रमसंचातला कडक आवाजाचा ड्रम, अचानक अर्ध्या लयीत पडू लागतो. मान हलवायला जी जागा मिळते ती इथे. हेडबँगिंगची सुरुवात वेगातून होत नाही, वेग मोडल्यावर होते, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला पुढचे सगळे अल्बम वेगळे ऐकू येतात.

मास्टर ऑफ पपेट्स

हा अल्बम 3 मार्च 1986 रोजी प्रसिद्ध झाला. ध्वनिमुद्रण कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत निर्माते फ्लेमिंग रासमुसेन यांच्याबरोबर झाले. ड्रमर लार्स उलरिक मूळचा डेन्मार्कचाच. गाणी आठ, एकूण लांबी सुमारे 55 मिनिटे. मुखपृष्ठावर दफनभूमीतले पांढरे क्रूस दिसतात, प्रत्येकाला दोरी बांधलेली आणि त्या दोऱ्या आभाळातल्या दोन हातांत. मराठीत याला ‘कळसूत्री’ हा नेमका शब्द आहे, आणि तो अल्बमभर लागू पडतो. शीर्षकगीतात व्यसन माणसाला नाचवते. ‘डिस्पोझेबल हीरोज’मध्ये तरुण सैनिकाला वरून आलेला हुकूम नाचवतो. ‘लेपर मसाया’मध्ये दूरचित्रवाणीवरचे धर्मप्रचारक भक्ताच्या खिशाला हात घालतात आणि ‘वेलकम होम (सॅनिटेरियम)’मध्ये मनोरुग्णालयाच्या भिंती आहेत. शीर्षकगीत एकटे ऐकले तर ते व्यसनावरचे एक जोरदार गाणे वाटते. आठ गाणी ओळीने ऐकली की दोरी कोणाच्या हातात, हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा विचारला जातो आहे, हे कळते.

क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. ‘बॅटरी’ अकूस्टिक गिटारांच्या संथ थरांनी उघडते आणि मग तोच सूर तुटून पडतो. दुसऱ्या क्रमांकावर शीर्षकगीत, साडेआठ मिनिटांचे. त्याच्या कडव्याखालचा रिफ मोजून पाहावा. तीन आवर्तने पूर्ण येतात आणि चौथे तोकडे पडते, सम अपेक्षेआधीच अंगावर येते. नकळत धक्का बसतो तो यामुळे. ठाण्यात दरवर्षी पं. राम मराठे स्मृती संगीत समारोह होतो. तिथे गुडघ्यावर बोटाने मात्रा धरणारे श्रोते हमखास दिसतात. त्यांच्यापैकी कोणी या कडव्याला टाळी धरून पाहिली तर पहिल्या फेरीत चुकेल आणि दुसऱ्या फेरीत हसून दाद देईल, अशी या लेखकाची खात्री आहे. गाण्याच्या मधोमध सगळे थांबते, दोन गिटार हळुवार जोडीने गातात, आणि इथला पहिला सोलो मुख्य गिटारवादक कर्क हॅमेटचा नसून हेटफिल्डचा आहे. वेगाच्या शोधात आलेला श्रोता हा भाग पुढे ढकलतो. तिथेच तो अल्बम गमावतो.

तिसरे ‘द थिंग दॅट शुड नॉट बी’ जाणूनबुजून जड आणि सावकाश आहे. दोन धावत्या गाण्यांनंतर ते रेंगाळल्यासारखे वाटते, पण त्याच्याशिवाय चौथ्याची शांतता उमटली नसती. एलपीची पहिली बाजू चौथ्या गाण्यावर संपते. सलग ऐकताना एकच थांबा घ्यायचा असेल तर तो इथे घ्यावा, कॅसेट उलटण्याइतका.

सातवे ‘ओरायन’ हे साडेआठ मिनिटांचे शब्दाविना वादन. त्यात बेसवादक क्लिफ बर्टन ऐकावा, विशेषतः मधल्या संथ भागात. फोनच्या स्पीकरवर हे गाणे अर्धे नाहीसे होते. अल्बम आला त्याच वर्षी, 27 सप्टेंबर 1986 रोजी, स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटून बर्टनचा मृत्यू झाला. तो 24 वर्षांचा होता. पुढच्या अल्बमात, 1988 च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये, बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. दोन्ही अल्बम लागोपाठ लावले की काय हरवले ते सांगावे लागत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘मास्टर ऑफ पपेट्स’ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिले, तो मान मिळालेला हा पहिला मेटल अल्बम.

रेन इन ब्लड

7 ऑक्टोबर 1986 चा हा अल्बम त्याच्या अगदी उलट. दहा गाणी, एकूण सुमारे 29 मिनिटे. तोवर मुख्यतः हिप-हॉपमध्ये काम केलेल्या रिक रुबिन यांनी निर्मिती केली आणि मेटलमध्ये तेव्हा सर्रास असलेली घुमारेदार प्रतिध्वनीची झूल काढून टाकली. त्यामुळे प्रत्येक आघात कानाला लागून, सुका ऐकू येतो. अल्बम इतका छोटा की कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तोच पूर्ण भरलेला असे. डेव्ह लोम्बार्डोचे ड्रम हा त्याचा कणा. पहिल्या गाण्याच्या शेवटाकडे गिटार क्षणभर गप्प होतात आणि फक्त डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम, धावतो. तो क्षण पकडण्यासाठी अख्खे गाणे ऐकावे असा आहे.

हे पहिले गाणे, ‘एंजल ऑफ डेथ’, ऑशविट्झमध्ये कैद्यांवर अमानुष प्रयोग करणारा डॉक्टर योझेफ मेंगेले याच्यावर आहे. वितरक कंपनी कोलंबियाने अल्बम हाताळायला नकार दिला आणि वितरण गेफनकडे गेले. नाझींबद्दल सहानुभूती असल्याचा आरोप बँडने नाकारला. शब्द वर्णन करतात, निषेधाचा उच्चार करत नाहीत, त्यामुळे जबाबदारी श्रोत्यावर येते. हे गाणे कशाबद्दल आहे हे माहीत नसताना त्यावर मान हलवणे बरोबर नाही. शब्द वाचावेत, मेंगेलेने काय केले तेही वाचावे, आणि मग ऐकावे. त्यानंतर गाण्याची भीती वाढते; ती वाढायलाच हवी.

ट्रान्स-हार्बर

ठाणे ते वाशी ही ट्रान्स-हार्बर रेल्वे 2004 पासून प्रवासी वाहतुकीला खुली आहे आणि हा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. ‘रेन इन ब्लड’ तेवढ्यात बसतो. ठाण्याला गाडी हलताना सुरू केला तर पहिली बाजू घणसोलीच्या आसपास संपते आणि सानपाडा मागे पडताना शेवटचे ‘रेनिंग ब्लड’ चालू असते. त्याचा शेवट संगीताने होत नाही. वाद्ये कोसळतात आणि नुसता पाऊस पडत राहतो. घाईत असलेले लोक इथे पुढचे काहीतरी लावतात. लावू नये, तो पाऊस अल्बमचाच भाग आहे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’साठी पनवेलची गाडी धरावी, वेळ जवळपास जुळते.

घरी मोठ्याने ऐकण्याची सोय इथे फारशी नाही. सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि ठाण्याच्या चाळींत भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते, म्हणून इअरफोन. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत नेला जातो आणि ते कानाला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ही प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आहे आणि त्यावर आवाज गेला की हा वेळ झपाट्याने कमी होतो. कानात घट्ट बसणारे इअरफोन घेतले की बाहेरचा आवाज आपोआप कमी होतो आणि बेसही नीट ऐकू येतो.

परिसरातील श्रोते

मुंबईत रॉकप्रेमी धोबी तलावच्या रंग भवनातल्या खुल्या मैफिलींवर वाढले. 1998 मध्ये सुरू झालेला सेप्टर हा मुंबईचा थ्रॅश बँड. परदेशी थ्रॅशसाठी मात्र इथल्या श्रोत्यांना बंगळूर गाठावे लागले: मेटॅलिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम 30 ऑक्टोबर 2011 रोजी तिथल्या पॅलेस ग्राउंड्सवर झाला, आणि 2012 मध्ये स्लेयरही बंगळूरमध्येच वाजले. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यूटू आणि कोल्डप्ले येऊन गेले, ती गर्दी वेगळ्या संगीताची.

2022 मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ‘मास्टर ऑफ पपेट्स’चे शीर्षकगीत वाजल्यानंतर विशीतले पुष्कळ नवे श्रोते या अल्बमपाशी आले. एका गाण्यावरून आलेल्याने आधी ते गाणे त्याच्या जागी, म्हणजे ‘बॅटरी’नंतर, ऐकावे. पहिल्या फेरीत शब्दांकडे लक्ष देऊ नये, दुसऱ्या फेरीत शब्द समोर ठेवावेत, तिसऱ्या फेरीत फक्त बेस ऐकावा. ‘पीस सेल्स’ त्यानंतर आणि ‘रेन इन ब्लड’ सर्वांत शेवटी.