काँक्रीटमध्ये वरून पाणी घालण्याविषयी खुलासा

काँक्रीट घट्ट वाटल्यास ओतताना थोडे पाणी मिसळावे, ते पुढे वाळून जाते आणि मजबुतीला बाधा येत नाही, हा समज चुकीचा आहे. काँक्रीट वाळून नव्हे, तर सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक अभिक्रियेने कठीण होते. तिच्यात सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी बांधले जाते, काही सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवले जाते, आणि त्याहून जास्तीचे पाणी मागे पोकळ्या ठेवते, ज्यांमुळे ताकद घटते व ओल झिरपते. अमेरिकन संशोधक डफ अब्राम्स यांनी पाणी-सिमेंट गुणोत्तर आणि ताकद यांचा हा संबंध १९१८ मध्येच मांडला होता. प्रवाहीपणा हवाच असेल (दाट सळयांमध्ये तो हवाच असतो), तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट प्रवाही करणारे रसायन) वापरावे. ते सिमेंटकणांचे पुंजके सुटे करून त्यांत अडकलेले पाणी मोकळे करते. त्याची मात्रा अती झाल्यास मात्र खडी आणि सिमेंट-वाळूचा मसाला वेगळे होतात.