आधी रूळ मोजा, मग इंजिन बघा

रेल्वेच्या इतिहासाचं प्रदर्शन असलं की मॉडेलपुढे उभा राहणारा प्रत्येक जण आधी इंजिन बघतो. पण ती गाडी कुठली, हे चाकांखाली कळतं. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, म्हणजे गेज, मोजायचं आणि मॉडेलच्या प्रमाणाने गुणायचं.

सर्वाधिक प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याचा रूळ १६.५ मिमीचा. गुणाकार केला की १४३५ मिमी येतात, आणि हे झालं युरोप-अमेरिकेचं गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला १९.३ मिमी हवेत. त्यामुळे तयार रुळावर ठेवलेलं भारतीय इंजिन वरून झकास आणि खालून चिंचोळं दिसतं. ही तडजोड चालते, फक्त पाटीवर तसं लिहावं.

मराठवाड्याच्या जुन्या गाड्यांना ही अडचण फारशी येत नाही. मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी निजामाची लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली ती मीटरगेज. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा. बाजारात १२ मिमीचा रूळ मिळतो. कुर्डुवाडी-बार्शी १८९७ मध्ये सुरू होऊन १९११ मध्ये लातूरला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमीची, म्हणजे नॅरोगेज. तिला ८.८ हवेत, ९ मिमीचा रूळ मिळतो. फरक डोळ्याला कळतही नाही.

वळणांचंही तेच. ब्रॉडगेजला १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण चालत नाही. मॉडेलमध्ये ती त्रिज्या दोन मीटर होते, म्हणजे गाडी पूर्ण फिरवायला चार मीटर रुंद टेबल! नॅरोगेज ४४ मीटरवरही वळते. मॉडेलमध्ये जेमतेम ५१ सेंटिमीटर. सव्वा मीटर रुंदीच्या टेबलावर बार्शी लाइट खोटेपणा न करता मावते.

मांडणी करताना घात होतो तो उन्हाळ्यात. डिसेंबरात २० अंशाला एकमेकांना घट्ट भिडवून टाकलेले रूळ मे महिन्यात ४२ अंशाला लांबतात. निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचा पाच मीटरचा रूळ पावणेदोन मिमीने वाढतो. त्यात कोरड्या हवेने खालची लाकडी फळी आकसते, आणि रूळ बाजूला फुगून गाडी नेमकी तिथेच उतरते. उपाय खऱ्या रेल्वेचाच: थंडीत टाकताना दर मीटरला अर्धा मिमी फट सोडा. मॉडेलच्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, पण अशा सांध्यांतून ती भरवशाने जात नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर डाखा. गाडी अडखळू लागली तर वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा. पॉलिश पेपर नको. त्याच्या ओरखड्यांत धूळ आणखी बसते.

बार्शी लाइटच्या मॉडेलमध्ये एक चूक हमखास दिसते: रूळ फार जाड. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ही लाइन आखताना इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको, असा नियम घातला. भार सगळीकडे सारखा वाटला म्हणून लांबीच्या एका यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला १५ किलोचा रूळ पुरला. आजचा ब्रॉडगेज रूळ मीटरला ६० किलोचा असतो. तो बारीक रूळ जेमतेम आठ सेंटिमीटर उंच, १:८७ मध्ये एक मिमीही नाही. इतक्या बुटक्या रुळावर जुन्या मॉडेलच्या चाकांची खोल कड स्लीपरवरच्या खिळ्यांना ठोकरते. म्हणून चाकं बदलायची; रूळ जाड करून वेळ मारून नेली तर कॅलथ्रॉपची सगळी करामतच झाकली जाते.

ती करामत कुठे संपते, हे शेजारी टाकीची एक वाघीण ठेवून दाखवता येईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या पहिल्या गाडीत १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. वाट बहुतेक बार्शी लाइटचीच, पण तोवर ब्रॉडगेज झालेली. वाघिणीला चार आस, पाणी ५० टन. म्हणजे टाकीचं वजन न धरता, नुसत्या पाण्याचाच एका आसावर साडेबारा टन भार.