टोमण्यांची तलवारबाजी

लुकासफिल्म गेम्सच्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) या साहसी व्हिडिओ गेममधले कोडे. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी हा गेम रचला. हॉलिवूड अभिनेता एरॉल फ्लिनच्या जुन्या चाचेपटांत तलवारीइतकेच तोंडही चालते, हे हेरून द्वंद्वाची हारजीत संवादावर सोपवण्यात आली. काही टोमणे विज्ञानकथालेखक ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या लेखणीतले आहेत.

नायक गायब्रश थ्रीपवुडला चाचा व्हायचे असते. त्यासाठीच्या तीन परीक्षांपैकी एक म्हणजे तलवारबाजीची उस्ताद कार्ला हिला हरवणे. तो तलवार विकत घेतो, कॅप्टन स्मर्ककडे शिकतो आणि वाटेत भेटेल त्या चाच्याशी भिडतो. समोरच्याने टोमणा मारला की पडद्यावरच्या यादीतून उत्तर निवडायचे; ते चपखल बसले तर सरशी आपली. सुरुवातीला जवळ धड उत्तरच नसते, त्यामुळे हार ठरलेली. पण ऐकलेला टोमणा यादीत जमा होतो. तोच पुढच्या चाच्याला ऐकवायचा आणि तो काय उलटून बोलतो ते टिपायचे. हरल्याशिवाय शिकताच येत नाही, आणि हरल्याने गायब्रश मरत नाही. त्या काळी अनेक साहसी गेममध्ये क्षुल्लक चुकीलाही मरणाची शिक्षा असे, तेव्हा ही मुभा मोठी होती.

खरी मेख कार्लासमोर कळते. तिचे टोमणे सगळे नवे, उत्तरे मात्र जुनीच लागू पडतात. 'गवळ्यासारखा लढतोस' म्हणणाऱ्या चाच्याला 'साजेसंच आहे, तू गाईसारखा लढतोस' हे उत्तर. कार्ला अंगातल्या रक्ताची थेंबाथेंबाने धार काढण्याची धमकी देते, तेव्हाही तीच गाय कामी येते. नुसते पाठांतर पुरत नाही, अर्थ लावावा लागतो. हे कोडे या प्रकारातल्या सर्वोत्तमांत बसते ते यामुळेच. जिंकल्याचा पुरावा म्हणून टी-शर्ट मिळतो. दोष इतकाच, की टोमणा-उत्तराच्या उरलेल्या एक-दोन जोड्यांसाठी त्याच चाच्यांशी पुन्हापुन्हा झुंजावे लागते.

'द कर्स ऑफ मंकी आयलंड' (१९९७) या गेममध्ये भर समुद्रातल्या लढाईत उत्तराचे यमकही जुळावे लागते. सवाल-जवाबाची गोडी असलेल्याने हा भाग चुकवू नये. 'एस्केप फ्रॉम मंकी आयलंड'मध्ये (२०००) टोमणे पंजा लढवतानाही येतात, पण कार्लाच्या लढतीतली कलाटणी तिथे नाही.