इसबगोलचा गुण येत नाही म्हणताय? आधी पाणी किती घेता ते बघा

आमच्या काष्ठौषधीच्या दुकानात आठवड्यातून चार-पाच जण तरी हीच तक्रार घेऊन येतात, "तुमचं इसबगोल घेतलं आणि पोट मोकळं व्हायचं सोडून उलट जास्तच आवळलं." आम्ही प्रत्येकाला एकच विचारतो, पाणी किती घेतलंत? तर कोणी अर्धी वाटी सांगतं, कोणी चमचा तोंडात टाकून वर दोन घोट घेतलेले असतात.

सगळं तिथेच बिघडतं. इसबगोल म्हणजे बीवरची साल, ती जुलाब करवणारं औषध नाहीये, ती फक्त पाणी धरते आणि फुगते, त्यामुळे मल मऊ होतो आणि पुढे सरकतो. पाणीच नसेल तर तिने धरायचं काय? मग आत नुसता घट्ट गोळा होतो. घरी करून बघा, एका पेल्यात चमचाभर इसबगोल आणि थोडंसंच पाणी घालून दहा मिनिटं ठेवा, चमचा उभा राहील इतकं घट्ट होतं. म्हणून चहाचा एक चमचा घ्यायचा तो मोठा ग्लासभर, म्हणजे साधारण २४० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वरून अजून एक ग्लास पाणी घेतलं तर उत्तमच, आणि दिवसभरही पाणी चालू ठेवायचं. कोरडं तर कधीच खाऊ नका, घशात अडकून श्वास कोंडू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो अशा वयस्कर माणसांना आम्ही देतच नाही, राग आला तरी चालेल. घेऊन लगेच आडवंही होऊ नका. दह्यातून घेतात ते जुलाब होत असताना, बद्धकोष्ठाला पाणी नाहीतर कोमट दूध, पण तेही ग्लासभर.

दुसरं म्हणजे घाई. आज रात्री घेतलं की उद्या सकाळी साफ असं होईलच असं नाही, १२ तासांपासून ३ दिवसांपर्यंत लागू शकतात. पहिल्या दिवसापासून तीन-तीन चमचे घेतले की गॅस धरतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी सोडून देतो. एका चमच्याने सुरू करा, आठवड्याने वाढवा.

मग लोक म्हणतात की सोनामुखीचं चूर्ण द्या, त्याने सकाळी लगेच होतं. होतं, खरंय, ६ ते १२ तासांत होतं कारण ते आतड्याला ढकलतं. पण पोटात कळ येते, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आठवड्याच्या वर घेऊ नये, म्हणून दर महिन्याला पाव किलो नेणाऱ्याला आम्ही थांबवून विचारतो. आमचं गिऱ्हाईक कमी होतं त्याने, पण विकून मोकळं व्हायला जमत नाही.

अजून एक विचारतो ते गोळ्यांबद्दल. लोह, कॅल्शियम, काही खोकल्याची आणि दुखण्याची औषधं यांनीही मल घट्ट होतो, थायरॉईड कमी असेल तरी होतो, तेव्हा डॉक्टरांशी बोला. आणि इतर गोळ्या व इसबगोल यात २ तासांचं अंतर ठेवा. मलातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, पोट फुगून उलट्या आणि वारासुद्धा न सरणं, किंवा पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणं, यातलं काही असेल तर आमच्याकडे न येता थेट दवाखान्यात जा.

भाव शेजारपेक्षा थोडा जास्त का, हेही विचारतात. माल गुजरातमधल्या उंझा बाजाराकडचा, आणि आम्ही तो परत चाळून, बीचे लाल तुकडे आणि धूळ काढून भरतो. पाकिटासोबत मापाचा चमचा आम्ही फुकट देतो, तोच वापरा, जेवणाचा नको. फोडलेलं पाकीट मात्र परत घेत नाही, ओल लागलेला माल दुसऱ्याला देता येत नाही. पहिल्यांदा घेत असाल तर ५० ग्रॅमचंच न्या, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, दोन आठवडे वर सांगितल्याप्रमाणे पाण्यासकट घ्या आणि मग मोठं घ्यायचं का ते ठरवा.