रशियनांचा 'स्वोय' आणि आपला 'स्व'

'इवानने त्याचं पुस्तक घेतलं.' कोणाचं? मराठीत 'आपलं पुस्तक घेतलं' म्हटलं की प्रश्न मिटतो. रशियनमध्ये हे काम 'स्वोय' करतो. इवानने 'स्वोयू क्नीगू' घेतली तर पुस्तक त्याचं स्वतःचं. 'येगो क्नीगू' घेतली तर दुसऱ्याच कोणाचं तरी. पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या रशियनच्याच स्लाव्ह कुळातल्या भाषांतही हाच शब्द थोड्याफार फरकाने आहे.

शब्द जुना आहे, आणि नात्यातला. संस्कृत 'स्व' आणि स्लाव्ह 'स्वोय' एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. कर्ता मी असो, तू असो की तो, संस्कृतात 'स्व' चालतो. स्लाव्ह भाषांतही तसंच, शेजारच्या लिथुआनियनच्या 'सावो'चंही तेच. लॅटिनचा 'सूउस' मात्र तृतीय पुरुषापुरताच उरला. जर्मनचा 'झाइन' तर साधा 'त्याचा' होऊन बसला, म्हणजे इवानच्या पुस्तकाचा घोळ तिथे कायम.

स्लाव्ह भाषांत हा भेद किती मुरलेला होता, ते बायबलच्या भाषांतरात दिसतं. सिरिल आणि मेथोडियस हे थेसालोनिकीचे धर्मप्रचारक भाऊ 863 च्या सुमारास मोरावियात, म्हणजे मध्य युरोपातल्या स्लाव्ह मुलखात, गेले आणि ग्रीक धर्मग्रंथ स्लाव्हमध्ये आणण्याचं काम उभं राहिलं. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातलं 21 वं वचन घ्या: तो (येशू) आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. ग्रीकमध्ये 'लोकां'पुढे 'आउतू', म्हणजे नुसतं 'त्याचे'. 'पापां'पुढे त्याच सर्वनामाचं अनेकवचन. चर्च स्लाव्होनिक, म्हणजे स्लाव्ह चर्चच्या जुन्या धर्मभाषेतल्या, पाठात मात्र लोक 'स्वोया' झाले आणि पापं 'इख', म्हणजे 'त्यांची'. मुळात नसलेला फरक स्लाव्ह पाठाने केला, कारण कानाला तोच बरोबर वाटत होता. आणि गंमत म्हणजे मराठी वाक्यही तिथेच 'आपल्या' आणि 'त्यांच्या' असं फुटतं.

आपला 'आपला' मात्र 'स्व'चा वंशज नव्हे. तो 'आत्मन्'पासून, प्राकृत 'अप्पा'वरून आला. 'स्व' आपल्याकडे स्वराज्य, स्वभाव अशा समासांत राहिला. रशियनमध्ये स्वातंत्र्याला 'स्वबोदा' म्हणतात, तोही याच कुळातला.

घराणी वेगळी असूनही 'स्वोय' आणि 'आपला' या दोघांनी पुढचं वळण सारखंच घेतलं: 'स्वतःचा'वरून 'आपल्यातला'. विमान मित्राचं की शत्रूचं हे ओळखणाऱ्या यंत्रणेचं रशियन नावच 'स्वोय–चुझोय', आपला–परका. आणि दारावर थाप पडली, आतून 'क्तो ताम?' विचारलं, की बाहेरून उत्तर येतं, 'स्वोयी!' आपलीच माणसं.